एकाहत्तर टक्के

न्हाई मॅडम, तसं न्हाई करून देत मी — म्हणजे करून देतो, पण आधी दोन मिनिटं ऐकावं लागंल, ही आपल्या दुकानाची पद्धतच हाय. ह्यो कागद मोठा, ए-थ्री, आन् तुमाला पाहिजे फाईलीत बसणारा, ए-फोर. बटण दाबायचं काम हाय, एकाहत्तर टक्के, दाबलं की झालं. पण नक्शा हाय ना ह्यो? लग्नपत्रिका असती तर इचारलं बी नसतं, आधार कार्ड असतं तर तुमी म्हणाल तेवढं बारीक करून दिलं असतं. नक्शा म्हणल्यावर — आन् घ्या, लाईट गेली. गेली ना? रोजची गंमत हाय ही पाटोद्याची, अकरा वाजले की जाती. बसा आता. त्या बाकावर नका, त्याचा एक पाय लंगडा हाय, ह्या खुर्चीवर बसा. पाणी घ्या, माठातलं हाय. तुमी नव्या आलात ना समोरच्या मोजणीच्या हापिसात? पंधरा दिस? तरीच. तुमच्या आधीचे साहेब दुकानात पाय ठेवायच्या आधीच म्हणायचे, "राधाकिशन, लेक्चर नको, कॉपी दे." तुमाला ठाऊक न्हाई म्हणून तुमी ऐकून घ्यायलात.

तर बगा, खाली हितं काय लिवलंय? एक सेंटिमीटर बरोबर दहा मीटर. हे झालं लांबीचं माप. आता एक सेंटिमीटर लांब आन् एक सेंटिमीटर रुंद अशी चौकट घेतली, तर जमिनीवर किती? दहा? तुमी न्हाई म्हणणार दहा, तुमी मोजणीवाल्या — पण ह्या दुकानात येणारी दहातली नऊ माणसं दहाच म्हणत्यात. दहा गुणिले दहा, शंभर चौरस मीटर, म्हणजे एक गुंठा. जरासा कमी भरतो, पण धरा गुंठाच. एक चौकट, एक गुंठा! म्हणून तर लोकाला असला नक्शा लई आवडतो, चौकटीचा प्लॅस्टिकचा कागद वर ठेवायचा आन् बोटानं मोजत बसायचं. आता ह्योच नक्शा म्या एकाहत्तर टक्के केला. लांबी झाली एकाहत्तर, रुंदी बी झाली एकाहत्तर, आन् रान? रान झालं निम्मं! लोकाला वाटतं रान बी एकाहत्तरच राहिलं. कावून वाटतं? मशीनवर एकच आकडा दिसतो म्हणून. मशीन लांबीचं बोलतं, रानाचं बोलत न्हाई. मी भाकरीवर समजावतो लोकाला — म्हणतो, घरी जाऊन सांगा, भाकरी निम्म्या रुंदीची थाप आन् एका भाकरीच्या जागी दोन वाढ, बगा पोट भरतंय का. न्हाई भरत. चार लागत्यात, चार! एका गड्यानं खरंच सांगितलं घरी, तर बायको म्हणली, तू झेरॉक्सवाल्याकडंच जेवायला जा.

हसा, हसा. मला बी आधी कुठं कळत होतं? आमची वर्षाराणी, पोरगी माझी, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करती, तिच्या पुस्तकात गणित होतं — नकाशावरचा एक चौरस सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे पंचवीस चौरस किलोमीटर, तर एक सेंटिमीटर म्हणजे किती? म्या छातीठोक सांगितलं, पंचवीस! ती कपाळाला हात लावून म्हणली, बाबा, पाच. पंचवीसचं वर्गमूळ पाच. रानाच्या मापावरून लांबीच्या मापाला यायचं तर वर्गमूळ, लांबीवरून रानाला जायचं तर वर्ग. बस, एवढंच हाय सगळं. पण एवढंच कळायला मला आमच्या म्हाळूअण्णाचं शेततळं लागलं. म्हाळूअण्णा म्हणजे गिऱ्हाईक हो, वरच्या वाडीचा, भला माणूस. सहा वर्षांमागं आला, नक्शा बारीक करून नेला, घरी बसून पाच चौकटींचं तळं आखलं, म्हणला पाच गुंठे लई झाले. खुणा कशा? ह्या बांधाच्या कोपऱ्यापासून त्या बोरीपर्यंत. जेसीबीवाल्याला त्याच खुणा दाखवल्या आन् गेला बाजाराला. संध्याकाळी येऊन बगतो तर दहा गुंठ्याचा खड्डा! निम्मी ज्वारी खड्ड्यात. दुसऱ्या दिशी ह्याच दारात उभा राहून मला असल्या शिव्या दिल्या की काय सांगू, तुमी बाईमाणूस, सांगता येत न्हाईत. मंग म्या हा शिक्का करून घेतला — हा बगा — "लहान केलेली प्रत, मोजमापास चालणार नाही." तवापासून बारीक केलेला एक बी नक्शा शिक्क्याबिगर माझ्या दुकानातून बाहेर गेला न्हाई. एक बी न्हाई.

एक गेला. न्हाई म्हणजे — ती येगळी गोष्ट हाय. सांगू? लाईट काय आत्ता येत न्हाई. एक माणूस हाय माझ्या वळखीचा, नाव कशाला घ्यायचं. तिघं भावंडं. ह्यो थोरला, मधी बहीण, आन् एक धाकटा भाऊ. बाप वारला, बारा एकर रान मागं. बारा भागिले तीन, चार-चार-चार, कायदा बी तेच सांगतो, पण आपल्याकडं कायदा कागदावर आन् रीत घरात, तुमाला काय सांगायचं. बहिणीला तहसीलला न्यायचं, हक्कसोडीवर अंगठा घ्यायचा, दिवाळीला साडीचोळी करायची, झाली वाटणी. तिनं बी हसत सही करायची, न्हाईतर माहेर तुटतं. पण हिचं कसं झालं, हिचा मालक वारला, पोरबाळ न्हाई, दिरांनी घराबाहेर काढली, ती आली माहेरी. जुन्या घराच्या एका खोलीत राहायची, दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. बापाचं बारा एकर रान असताना दुसऱ्याच्या बांधाला खुरपं! थोरल्याला ते बगवत नव्हतं. त्यो धाकट्याला म्हणला, तिला रान देऊ. धाकटा असा उसळला! आवाज लई मोठा हाय त्याचा, लहानपणापासून — त्यानं आवाज चढवला की थोरल्याची जीभ टाळूला चिकटती. धाकटा म्हणला, दोन एकर. वर एक गुंठा मागितला तर कोर्टात बगू. आन् थोरला म्हणला, बरं. दोन तर दोन.

मंग आखणी कोण करणार? थोरल्यालाच करावी लागली, त्यो शिकलेला. नक्शा आणला, ह्योच, एक सेंटिमीटर बरोबर दहा मीटर. घरातल्या पाटावर मावंना, म्हणून बारीक करून नेला. बहिणीसाठी विहिरीपासून वड्यापर्यंतचा तुकडा धरला, वर चौकटीचा कागद ठेवला, धाकट्याला म्हणला, तूच मोज बाबा. धाकट्यानं बोटानं मोजल्या, ऐंशी चौकटी. ऐंशी गुंठे, दोन एकर, बरोबर! खूश झाला. बाकीचं राहिलेलं रान मधल्या बांधावरून दोघा भावांत निम्मं-निम्मं, तिथं मोजायची गरजच न्हाई. वाटणीपत्रावर आकडा लिवलाच न्हाई, चतुःसीमा लिवली — पूर्वेला वडा, पश्चिमेला विहीर, असं. सह्या झाल्या, पेढे वाटले. आता तुमीच सांगा मॅडम, बारीक नक्शावरच्या ऐंशी चौकटी जमिनीवर किती? एकशेसाठ गुंठे! चार एकर! म्हणजे तिला चार, आन् उरलेल्या आठाचे दोघांना चार-चार. तिसरा हिस्सा, ज्याचा त्याला! झेरॉक्सच्या मशीननं केलेला न्याय हाय ह्यो, कोर्टाला पंधरा वर्षं लागली असती. मला तर वाटतं — काय? चुकून झालं का म्हणता? आता चुकूनच म्हणायचं की. थोरल्याला कुठं ठाऊक होतं, त्यो आपला साधा माणूस, त्यानं कागद बारीक करून नेला, बस.

कधीची गोष्ट? तीन वर्षं झाली. म्हाळूअण्णाचं तळं? ते सहा — हां. हां, ते आधीचं. शिक्का आधीचा. आता शिक्का मारायचा राहिला असंल हो, माणूस हाय, घाईत राहतं एखाद्या वेळी, त्या दिवशी गर्दी होती दुकानात. आन् हनुमानानं मोजल्या ना चौकटी सोत्ता, त्याला कोणी हात धरला होता का? डोळ्यानं बगितलं, बोटानं मोजलं. सगळ्या रानाच्या चौकटी मोजल्या असत्या तर बारा एकराचं रान सहा एकर भरलं असतं आन् तिथंच बिंग फुटलं असतं, मला तर घाम फुटलता, पाटाखाली हात लपवून बसलतो मी. पण त्याला फिकीर कुणाची, तर बहिणीला जास्ती जाती का एवढीच. आमच्या बापानं एवढं — त्यांच्या बापानं —

घ्या. गेलं तोंडातून. तुमी बी लई हुशार मॅडम, गप बसून माणसाला बोलतं करता. मोजणीवाल्यांना शिकवत्यात का हे? बरं, मीच. थोरला मी, धाकटा हनुमान, आन् बहीण वनमाला. आता पाणी तुमी द्या मला, माठ तुमच्याकडं हाय.

पट्टी? कुठली पट्टी? हां — ही खालची. काळी-पांढरी, शून्य, दहा, वीस मीटर लिवलेली. बरोबर धरलं तुमी. आकड्यात लिवलेलं माप खोटं पडलं तरी ही पट्टी खोटी पडत न्हाई, नक्शा बारीक झाला की पट्टी बी त्याच्यासंगं बारीक होती, तिच्यावर फूटपट्टी ठेवली की सांगती, बाबा रे, आता एक सेंटिमीटर म्हणजे दहा न्हाई, चौदा मीटर. हनुमानाला बी कळलं असतं. पट्टीवर — काचेवर नक्शा ठेवताना — पट्टीवर पांढरी चिठ्ठी ठेवली म्या. एवढीशी. डिंकाचा एक ठिपका लावून, सरकू नये म्हणून. दोनदा कॉपी काढली, पहिल्यात चिठ्ठीची कड काळी उमटली होती, ती फाडून टाकली. असं बगू नका माझ्याकडं. म्या सोत्ताला जास्ती घेतलं का? हनुमानाला वाटत होतं आपल्याला पाच-पाच येणार, मंग माझाबी एक एकर गेलाच की त्यात. गेला म्हणजे, माझा नव्हताच तो. तिचाच होता.

आन् ती काय खूश झाली म्हणता! पहिल्या वर्षी तूर घातली, दुसऱ्या वर्षी कापूस, बांधाला सीताफळं लावली. खोलीवर नवे पत्रे टाकले. मी जायचो, बांधावर बसायचो, ती शेंगा भाजून द्यायची, म्हणायची, दादा, दोन एकरात कसं बाई एवढं पिकतंय! मी म्हणायचो, तुझा हात चांगला हाय. मनातल्या मनात हसायचो. लई बरं वाटायचं मॅडम, खरं सांगतो, उभ्या जन्मात एवढं बरं मला कशानं वाटलं न्हाई. कुणाशी भांडण न्हाई, तंटा न्हाई, आन् बहीण तिच्या हक्काच्या रानात. सांगायचं कशाला तिला? सांगितलं तर तिच्या तोंडून निघंल, निघालं की हनुमानाच्या कानावर. गुपचूप चाललंय ते चाललंय.

चाललं बी असतं. पण ह्या पेरणीला ट्रॅक्टरवाला आला, नवीन पोरगं, त्यानं मोबाईल हातात धरून तिच्या बांधानं एक चक्कर मारली — आता मोबाईलच मोजतो, तुमाला ठाऊकच — आन् म्हणला, मावशी, हे दोन न्हाई, चार एकर हाय. ती म्हणली, तुझा मोबाईल बिघडला. त्यानं उलट्या अंगानं पुन्हा चक्कर मारली. चारच. ते पारावर गेलं, पारावरून हनुमानाच्या कानावर गेलं. आठ दिस गावात एकच विषय, वनमालानं भावांचं रान दाबलं. हनुमान मला फोनवर म्हणला, तुला कसं कळलं न्हाई बे, तू तर नक्शावाला! मी म्हणलं, मशीनची काहीतरी गडबड झाली असंल. एवढंच म्हणलं. फोन ठेवला आन् दिवसभर कॉप्या काढत बसलो. तवापासून गावाकडं गेलोच न्हाई. राखीला वनमाला आली न्हाई, दर वर्षी यायची, हितं दुकानातच बांधायची, गिऱ्हाइकासमोर. मी म्हणलं, हनुमानानं अडवलं असंल, न्हाईतर बस चुकली असंल. फोन करायचा राहिला. न्हाई, राहिला न्हाई, केला न्हाई. करून काय बोलणार? आता हनुमान आज न्हाई उद्या मोजणीचा अर्ज टाकणार, मला पक्कं ठाऊक हाय. टाकू दे. मोजणी झाली तर काय होईल? चारच निघंल, आन् त्यो चतुःसीमेवर भांडंल, वाटणीच मोडा म्हणंल. मोडली तर कायद्यानं तिला चारच येत्यात की! येत्यात ना मॅडम? तुमी तर रोज बगता असल्या — ती भांडायला उभी राहिली तर, हां. ते हायच. उभी राहिली तर.

आली लाईट! बगा, गप्पांत कळलंबी न्हाई. मशीन गरम व्हायला मिनिटभर लागंल. नक्शा तुमी म्हणता तसा करून देतो, शिक्का मात्र मारणार, पट्टीसकट. आजून काय हाय? ह्ये अर्ज आन् नोटीस — तीन-तीन कॉप्या? ह्या उद्या वाटायच्या नोटिसा का? द्या, सरळ हायेत, ह्यांना बारीकमोठं काही न्हाई. कुठल्या वाडीची हाय ही मोजणी —

गट नंबर तर आमचाच हाय.

टाकला म्हणा त्यानं. बोललो का न्हाई मी तुमाला? लगतचे खातेदार, एक राधाकिशन, दोन — हनुमान. हनुमान लगतचा कसा? अर्जदार — थांबा, चष्मा.

अर्जदार वनमाला. तिचं अक्षर हाय हे. चौथीपर्यंत शिकली, सगळी अक्षरं एकमेकाला धरून चालल्यागत काढती. "...माझ्या ताब्यात माझ्या भावांची दोन एकर जमीन चुकून जास्त आली आहे. ती मोजून माझ्या भावांना परत देण्यात यावी. मला गावात खाली बघून चालावं लागतं. माझ्या थोरल्या भावाला यातलं काही माहीत नाही, त्यांना बोल लागू नये. सरकारी मोजणी फी मी भरली आहे."

खुरपून भरली असंल फी. सोत्ताच्या रानाची.

काही न्हाई. काही न्हाई मॅडम, धूळ हाय दुकानात. मशीन तयार झालं, दिवा हिरवा झाला, मलाबी दिसतंय. पण ही कॉपी मी काढीत न्हाई. न्हाई, अडवत न्हाई तुमाला, तुमचं काम तुमी करा, मोजा, सरळ मोजा, साखळी ताणून मोजा, चार भरंल, आन् ते चारच्या चार तिचं हाय हे तिला कुणी सांगितलंच न्हाई. तीन वर्षं तिच्या हातच्या शेंगा खाल्ल्या म्या, आन् एकदा बी म्हणलो न्हाई, वने, हा तुझा हिस्सा हाय, बापाचा, कायद्याचा, कुणाचा उपकार न्हाई. म्हणलो असतो तर आज तिनं हे लिवलं नसतं. हनुमानापुढं तोंड उघडायची भीती वाटली म्हणून मी कागद बारीक करत बसलो, आन् गावानं चोर तिला म्हणलं. लाज वाटती मला, खरंच लाज वाटती.

माझी नोटीस माझ्या हातात द्या. कुठं सही करू — हितं? केली. पोचली म्हणून लिवा. हनुमानाची बी द्या, मीच देतो त्याच्या हातात, आन् दिल्यावर जे बोलायचं ते बोलतो. न्हाई चालत? बरं, नियम असंल, तुमची तुमी द्या. मी तुमच्या आधी पोचतो. साडेबाराची यष्टी हाय. ओरडंल त्यो, ओरडू द्या.

तुमचा नक्शा समोरच्या गल्लीत करून घ्या आजचा दिवस. उठा मॅडम, खुर्ची आत घेऊ द्या, शटर ओढायचंय मला.